लाल झालेला सा



पहिल्या इतिहासाच्या पंधराव्या अध्यायात अशी एक जागा आहे की तिथं आपण सगळेच घाईनं पुढं जातो. दावीद राजा कराराचा कोश यरुशलेमला आणतो आहे आणि लेव्यांनी आपल्यातले गायक-वादक नेमावेत असं सांगतो आहे. मग नावांची लांबलचक यादी सुरू होते. वाचन करणाऱ्याची जीभ अडखळते, ऐकणारे घड्याळाकडे बघतात. पण त्या यादीत विसाव्या आणि एकविसाव्या ओवीत बारीकसा तपशील आहे. काहींची तंतुवाद्यं ‘अलामोथ’ला लावलेली होती आणि काहींची ‘शमिनीथ’ला. शमिनीथ म्हणजे आठवा. हाच शब्द सहाव्या आणि बाराव्या स्तोत्राच्या माथ्यावरही आहे. पंडितांचं त्याच्या अर्थावर एकमत नाही, पण अलामोथ म्हणजे तरुण मुलींच्या आवाजासारखी वरची पट्टी आणि शमिनीथ म्हणजे खालची, पुरुषी पट्टी असं पुष्कळांना वाटतं. थोडक्यात, कोण किती वर गाईल आणि कोण किती खाली, याची नोंद ठेवण्याइतकी काळजी कराराच्या कोशापुढं चालणाऱ्या लोकांनी घेतली होती.

मीही वीस वर्षं धर्मशिक्षणाचे वर्ग घेताना ही ओवी ओलांडूनच पुढं गेले. या वर्षी थांबले, त्याला कारण एक स्वर. तो संगणकाच्या पडद्यावर लाल झाला आणि मी तो पुसला.

आधी सांगते, मी संगीतातली तज्ज्ञ नाही. मराठी घेऊन बी.ए. केलं, लहानपणी चर्चमधल्या मास्तरांकडं थोडी पेटी शिकले, तेवढंच भांडवल. आमच्या या सीमाभागातल्या धर्मग्रामात मराठी, कोंकणी, कन्नड अशा तिन्ही भाषांत गाणी होतात आणि गायनवृंदाच्या वह्या पाच-सहा कपाटांत विखुरलेल्या आहेत. मास्तर गेल्यावर त्यांच्या वह्यांना वाळवी लागायला लागली. तेव्हा फादर म्हणाले, “टीचर, तुम्ही हे सगळं संगणकावर घ्या.” माझी भाची इंजिनिअरिंगला आहे. तिनं म्युझस्कोर हे मोफत मिळणारं सॉफ्टवेअर घालून दिलं आणि मी रोज रात्री जपमाळ झाली की तासभर एकेक गाणं टाइप करत बसू लागले.

मास्तरांच्या जुन्या वह्यांत बरीच गाणी सोल-फा पद्धतीनं लिहिलेली आहेत. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये सेरा ग्लोव्हर आणि जॉन कर्वेन यांनी ही पद्धत रुजवली आणि मिशनऱ्यांनी ती जगभर नेली. वर एका ओळीत ‘डो = जी’ असं लिहायचं आणि खाली नुसती अक्षरं. आपल्या सारेगमसारखंच. इथला सा कुठंही बसवता येतो. गाणाऱ्यांचा गळा वर जात नसेल, तर मास्तर ‘जी’ खोडून ‘एफ’ करायचे. एका वहीत एकाच गाण्यावर चार वेळा खाडाखोड आहे. कुणाच्या तरी नाताळात सर्दी झाली असणार!

भजनी मंडळात तर हा प्रश्नच नाही. बुवा पेटीवाल्याला सांगतात, “काळी एक द्या,” आणि सुरुवात होते. रेव्हरंड नारायण वामन टिळकांची पदं आपण पिढ्यान्‌पिढ्या अशीच गात आलो. सा बुवांच्या गळ्यात असतो, कागदावर नसतो. पण पाच रेघांवर गाणं उतरवलं की सा खिळ्यानं ठोकल्यासारखा पक्का होतो. आणि सा पक्का झाला की कोण तिथवर पोहोचतो आणि कोण नाही, हा हिशेब सुरू होतो. सॉफ्टवेअर तो हिशेब रंगानं करतं. प्रत्येक वाद्याला आणि आवाजाला त्यात दोन हद्दी नेमून दिलेल्या असतात. एक हौशी माणसाची, दुसरी कसलेल्याची. पहिली ओलांडली की स्वर गडद पिवळा दिसतो, दुसरी ओलांडली की लाल. सिबेलियस, डोरिको अशा विकतच्या सॉफ्टवेअरमध्येही हद्दीबाहेरचा स्वर लालच होतो.

आता त्या स्वराची गोष्ट. आमच्या गायनवृंदात एक फौजी काका आहेत. बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आहे, त्यामुळं लष्करी बँडमधून निवृत्त झालेली माणसं या भागात भेटतात. काका बँडमध्ये युफोनियम वाजवायचे, चर्चमध्ये बास गातात. नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्साच्या एका जुन्या गाण्यात शेवटच्या ओळीला मास्तरांनी बासला एकदम खाली उतरवलंय, पियानोच्या मधल्या ‘सी’पासून दोन सप्तकं खाली. गोठ्यातल्या गवतावर बाळ ठेवलं जातं, तिथं. मी तो स्वर टाइप केला आणि तो रक्तासारखा लाल झाला.

मला वाटलं, मास्तरांनी चूक केली किंवा वहीतला टिंब मी चुकीचा वाचला. सोल-फात खालचं सप्तक दाखवायला अक्षराच्या खाली छोटी रेघ असते, ती वाळवीच्या भोकांतून नीट दिसतही नव्हती. मी स्वर एक सप्तक वर नेला. लाल गेला, काळा झाला. मला बरं वाटलं. खरं सांगते, शाळेत लाल शाईनं खुणा करणाऱ्या बाईला पडद्यावर लाल रंग बघवत नाही.

सरावाला सगळ्यांना नवे छापील कागद दिले. काका गायले, वरचाच सा गायले. मिस्सा संपल्यावर चपला घालताना म्हणाले, “बाई, खालचा सा काढलात होय? बरं केलंत. आता कोण जातंय तिथं.” मी हसून मान डोलावली. त्यानंतर ते सरावाला आले नाहीत. गुडघे दुखतात असं कळलं. प्रायश्चित्तकाळ सुरू झाला तेव्हा मी राखेच्या बुधवारनंतर त्यांच्या घरी गेले आणि मग त्यांच्या सुनेनं सांगितलं, “मामंजी म्हणतात, आता आपलं वय झालं, चर्चनं पण कागदावर लिहून दिलंय.”

चर्चनं काही लिहून दिलं नव्हतं. लिहिलं मी होतं आणि मला एका कार्यक्रमानं रंग दाखवला होता. त्या कार्यक्रमाला काका ठाऊक नाहीत. त्याला ‘बास’ नावाचा एक सर्वसाधारण माणूस ठाऊक आहे. कुठल्यातरी पुस्तकातल्या सरासरीवरून बेतलेला.

इथूनच माझं मत सुरू होतं. पटलं नाही तर मला जरूर सांगा. सॉफ्टवेअरमधला लाल रंग हा प्रश्न आहे, निकाल नाही. हा स्वर ज्याला गायचा आहे त्याला विचारलंत का, एवढंच तो विचारतो. आपण मात्र त्याला न्यायाधीश करून बसतो, कारण एखाद्या म्हाताऱ्याच्या घरी जाऊन “काका, हा स्वर लागतो का हो तुम्हाला?” असं विचारण्यापेक्षा माउसनं तो वर ओढणं सोपं.

अर्थात, प्रत्येक लाल स्वर काकांसारखाच असतो असंही नाही. त्याच काकांनी त्यांच्या बँडच्या वेळचा एक जुना कागद मला दिला होता. मिरवणुकीत वाजवायच्या गीताची युफोनियमची ओळ. मी ती जशीच्या तशी टाइप केली, तर वरचे अर्धे स्वर लाल. वाजवून पाहिलं तर युफोनियमऐवजी जत्रेतली पिपाणी वाजतेय असं वाटलं. इथं चूक माझीच होती. बँडमधल्या ट्रेबल क्लेफच्या कागदावर युफोनियमचा स्वर लिहिला जातो त्यापेक्षा एक सप्तक आणि वर एक स्वर खाली वाजतो. कागदावर सी दिसला तर कानाला बी-फ्लॅट येतो आणि तोही खालच्या सप्तकातला. मी बास क्लेफचा, जसा लिहिला तसा वाजणारा युफोनियम निवडला होता. नंतर शहाणपणानं वाद्य बदललं, तर सॉफ्टवेअरनं आवाज तोच ठेवून लिहिलेले स्वर आणखी वर चढवले! शेवटी सगळं पुसलं, योग्य वाद्य निवडलं आणि पुन्हा पहिल्यापासून टाइप केलं. लाल रंग आपोआप गेला. म्हणजे इथं लाल रंगानं मला वाचवलं होतं. गिटार आणि डबल बास हेही लिहिल्यापेक्षा एक सप्तक खाली वाजतात. पुरुषांची टेनरची ओळही ट्रेबल क्लेफखाली छोटा आठ घालून लिहितात, तो आठ विसरला की सगळे टेनर सोप्रानो होतात. तेव्हा लाल दिसलं की आधी वाद्य, क्लेफ आणि सप्तक तपासा, मग माणसाकडं जा. आणि या दोन्ही गोष्टी झाल्याशिवाय स्वराला हात लावू नका.

सप्तकाच्या आकड्यांचाही एक घोळ आहे. भाचीला फोनवर म्हटलं, “सी थ्रीपासून खाली बघ,” तर ती भलतीकडंच बघत होती. संगणकाच्या भाषेत, म्हणजे मिडीत, स्वरांना शून्यापासून १२७ पर्यंत क्रमांक असतात आणि मधला सी म्हणजे ६०. पण त्याच साठाला म्युझस्कोर सी फोर म्हणतं, तर यामाहाच्या कीबोर्डवर आणि काँटॅक्टमध्ये तो सी थ्री असतो. स्वर एकच, नावं दोन. त्यामुळं आम्ही आता घरात आकड्यानंच बोलतो. काकांचा सा ३६ क्रमांकाचा.

आता दुसरी बाजू. नाताळासाठी भाचीनं एक ट्रॅक बनवला होता. व्हायोलिन, चेलो, मागं ‘आ’ करणारा वृंद, सगळं संगणकातलं. ऐकायला गोड. पण मधेच चेलो गप्प व्हायचा आणि पुढच्या ओळीत गजाऐवजी बोटानं तारा छेडल्यासारखा वाजायचा. तासभर शोधल्यावर कारण सापडलं. अशा आभासी वाद्यांमध्ये खरे रेकॉर्ड केलेले आवाज प्रत्येक पट्टीवर बसवलेले असतात आणि वाद्याच्या हद्दीखालच्या रिकाम्या पट्ट्या वादनाची तऱ्हा बदलण्यासाठी राखून ठेवलेल्या असतात. काँटॅक्टमध्ये वाजणाऱ्या पट्ट्या निळ्या आणि या राखीव पट्ट्या लाल दिसतात. आमच्या पेटीची एक ओळ भाचीनं उचलून चेलोला दिली होती. त्यातले दोन स्वर चेलोच्या हद्दीखाली गेले आणि स्वर वाजण्याऐवजी हुकूम झाले! संत पौल करिंथकरांना लिहितात की बासरी किंवा वीणा यांच्या स्वरांत भेद नसेल तर काय वाजतंय हे कुणाला कळणार? त्यांना हे दृश्य बघायला मिळालं असतं तर काय म्हणाले असते कोण जाणे.

उलटही होतं. काही सॉफ्टवेअर हद्दीबाहेरचा आवाज मुकाट देतात. शेवटचा रेकॉर्ड केलेला स्वर ताणून खाली ओढतात किंवा वर चढवतात. व्हायोलिनची सगळ्यांत खालची मोकळी तार जी, क्रमांक ५५. त्याच्या खाली नेहमीसारखं लावलेलं व्हायोलिन जातच नाही. पण संगणकातलं गेलं आणि ट्रॅकमध्ये छान वाजलं. नाताळच्या आदल्या दिवशी गोव्याहून आलेला एक मुलगा खरं व्हायोलिन घेऊन उभा राहिला, कागद बघितला आणि म्हणाला, “टीचर, हा स्वर माझ्याकडं नाही.” बिचारा ओशाळला, जणू त्याचीच चूक. गोव्याच्या पॅरिश शाळांमध्ये मेस्तांनी पिढ्यान्‌पिढ्या मुलांना व्हायोलिन आणि स्वरलेखन शिकवलं. तिथूनच मुंबईच्या सिनेसंगीताला अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा यांच्यासारखे संयोजक मिळाले. त्या परंपरेतल्या मुलाला आमच्या कागदानं लाज आणली. जिथं माणूस पोहोचतो तिथं यंत्र गप्प बसलं आणि जिथं माणूस पोहोचूच शकत नाही तिथं यंत्रानं सुरेल खोटं गायलं.

आणि सगळ्यांत मोठी गोष्ट तर लाल झालीच नाही. नाताळनंतर प्रतिसाद-स्तोत्रासाठी आम्ही इंटरनेटवरच्या एका लोकप्रिय ट्रॅकची पट्टी धरली. सोप्रानोच्या ओळीत एकही स्वर लाल नाही, पिवळासुद्धा नाही. सॉफ्टवेअर खूश. पण मिस्सात मी मागं वळून पाहिलं तर डावीकडच्या बाकांवरच्या साठीपुढच्या आयाबाया ओठ मिटून बसलेल्या. धृपदाची शेवटची उडी त्यांना झेपत नव्हती. सॉफ्टवेअरला सोप्रानो ठाऊक होती, आमच्या आज्या ठाऊक नव्हत्या. संपूर्ण मंडळीनं मिळून गायचं असेल तर चाल साधारण मधल्या सीच्या एखाददोन स्वर खालपासून त्याच्या वरच्या सप्तकातल्या रेपर्यंतच ठेवावी, हा अनुभवी लोकांचा जुना अंदाज आहे. आम्ही त्याच्या वर चार स्वर गेलो होतो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं १९६३ च्या उपासनाविषयक संविधानात आणि त्यानंतर १९६७ साली संगीताविषयीच्या सूचनेत सगळ्या श्रद्धावंतांच्या सहभागावर इतका भर दिला आहे. आणि आपण चार स्वरांपायी निम्मी मंडळी गप्प बसवली.

माझ्या भाचीचं म्हणणं मी इथं प्रामाणिकपणे मांडते, कारण ती या लेखाची पहिली वाचक असते आणि रागावते. ती म्हणते, “आत्या, आपल्या वाड्यावरच्या चॅपलमध्ये पेटीवाला नाही, गिटारवाला नाही, महिन्यातून एकदा मिस्सा होते. तिथं ट्रॅक नसेल तर काय शांतपणे बसायचं? आणि सगळ्यांचे गळे मोजत बसायला वेळ कुणाला आहे?” तिच्या बोलण्यात तथ्य आहे. सरावासाठी ट्रॅकसारखी सोय नाही. ज्यांना स्वरलेखन वाचता येत नाही त्यांना आम्ही आपापली ओळ व्हॉट्सॲपवर पाठवतो, रिक्षात बसून, भाकरी थापता थापता ती ऐकून पाठ करतात. (त्यातही एक गंमत कळली. फोनच्या चिमुकल्या स्पीकरमधून खालचे स्वर नीट ऐकूच येत नाहीत. काकांची ओळ पाठवली तर त्यांना फक्त खरखर ऐकू आली. आता बासवाल्यांना सांगतो, कानात घालायचे इअरफोन वापरा.) पण मिस्सात मंडळीच्या जागी यंत्रानं गावं हे मला पटत नाही. चर्चनं १९५८ सालच्या सूचनेत फोनोग्राफ, टेपरेकॉर्डर वगैरे स्वयंचलित साधनं उपासनेत वापरायला स्पष्ट मनाई केली होती. ती सूचना परिषदेच्या आधीची आहे हे मला माहीत आहे. तरी तिच्यामागचं कारण शिळं झालेलं नाही. यंत्राला श्वास घ्यावा लागत नाही, म्हणून ते आपल्यासाठी थांबत नाही. पेटीवाला नसलेल्या चॅपलमध्ये एका बाईनं वाद्याविना, आपल्या गळ्याला बसेल त्या पट्टीत स्तोत्र उचललं आणि बाकीच्यांनी मागं धरलं, तर ती उपासना अपुरी कशी?

काय हद्दीत आणि काय हद्दीबाहेर, हे चर्चच्या इतिहासात सारखं बदलत आलंय. मध्ययुगात तळहातावर स्वर शिकवत. बोटांची पेरं आणि टोकं यांवर एकेक स्वर बसवलेला. अरेत्सोच्या गीदो या अकराव्या शतकातल्या भिक्षूचं नाव त्या हाताला लागलं, जरी त्यांच्या उपलब्ध ग्रंथांत तो हात सापडत नाही. त्यावर वीस स्वर. विसावा, सगळ्यांत वरचा, बोटावर मावतच नाही म्हणून मधल्या बोटाच्या टोकावर अधांतरी लिहीत. या वीसांच्या पलीकडचा स्वर गायचा तर त्याला ‘हाताबाहेरचा’ म्हणत. म्हणत, पण गात. हाताबाहेरचा म्हणून तो चुकीचा ठरत नसे.

आणि वाद्यांचं बघा. संत दहावे पायस पोप यांनी १९०३ च्या संगीतविषयक आज्ञापत्रात चर्चमध्ये पियानोला बंदी घातली, ढोल-झांजांनाही घातली. बँडला तर धर्माध्यक्षांच्या परवानगीशिवाय प्रवेश नव्हता. म्हणजे तेव्हा आमची ढोलकी लाल, भाचीचा कीबोर्ड लाल आणि काकांचा युफोनियमसुद्धा लालच. पुढं साठ वर्षांनी परिषदेनं पाइप ऑर्गनचा मान राखून इतर योग्य वाद्यांना दार उघडलं, आणि मिशनच्या प्रदेशांत तिथल्या लोकांच्या संगीतपरंपरेला आदर द्यायला सांगितलं. आज गोव्याच्या घुमटाला राज्याचं वारसा-वाद्य म्हणून २०१९ पासून मान आहे. पण सॉफ्टवेअरच्या यादीत तुम्ही घुमट शोधून बघा. १९९१ साली ठरलेल्या जनरल मिडीच्या १२८ आवाजांत सतार आहे, शहनाईसुद्धा आहे, पण पेटी नाही. तालवाद्यांच्या ३५ ते ८१ क्रमांकांत काँगा आणि बोंगो आहेत, ढोलकी नाही, घुमट नाही. ज्याला नावच नाही त्याची हद्द कोण ठरवणार? एका पाहुण्यांनी घुमट आणलं तेव्हा मी त्याच्या मोकळ्या घुमणाऱ्या आवाजासाठी खालचा काँगा, ६४ क्रमांक, आणि दाबलेल्या आवाजासाठी ६२ वापरला. कागदावर लिहिण्यापुरतं ठीक झालं. वाजवून दाखवलं तेव्हा पाहुणे इतके हसले की मी आवाज बंदच करून टाकला.

मग मी काय केलं ते सांगते. म्युझस्कोरमध्ये प्रत्येक ओळीच्या गुणधर्मांत जाऊन हौशी आणि कसलेल्या, अशा दोन्ही हद्दी आपण स्वतः बदलू शकतो. ही सोय मला पहिले सहा महिने माहीत नव्हती. प्रायश्चित्तकाळात दर शुक्रवारी क्रूसाच्या वाटेची भक्ती झाली की मी पेटी आणि वही घेऊन बसायचे आणि गायनवृंदातल्या एकेकाला बोलवायचे. आरामात लागणारा सगळ्यांत खालचा स्वर, सगळ्यांत वरचा, आणि ‘सणाच्या दिवशी, जोर असला तर’ लागणारा एकेक. आधी सगळे लाजले. एक आजी म्हणाली, “माझं काय मोजतेस, माझा आवाज गेला.” पेटीवर पट्टी दाबून बघितलं तर गेला नव्हता, चार स्वर खाली उतरला होता. तरुणपणी ती वरची ओळ गायची, आता तिला दुसऱ्या ओळीत बसवलं तर तिचा सूर सगळ्यांत खणखणीत. कुणी आधी विचारलं असतं तर तिची मधली दहा वर्षं ओठ मिटून गेली नसती. आमची पेटी साडेतीन सप्तकांची. काकांचा खालचा सा तपासायला गेले तर डावा हात पट्टीऐवजी लाकडावर पडला. ते हसायला लागले, आणि पेटीशिवायच त्यांनी तो सा लावला. खोलीतल्या कपाटाची काच थरथरली. मी वहीत लिहिलं, ३६, आरामात.

त्या रात्री आमच्या बासच्या ओळीची हद्द ३६ केली. मास्तरांच्या गाण्यातला स्वर परत खाली नेला. तो काळा राहिला. ‘मंडळी’ नावाची एक वेगळी ओळ करून तिला आमच्या आज्यांची हद्द घातली. आता एखाद्या ट्रॅकची पट्टी फार चढी असेल तर तीच आधी पिवळी होते आणि मी सगळं गाणं दोन स्वर खाली घेते. त्यामुळं एकदोन तरुण सोप्रानो कुरकुरतात. कुरकुरू देत. त्यांच्यासाठी शेवटच्या कडव्याला वरून एक वेगळी चाल लिहून देते, आज्या खाली मूळ चाल धरून ठेवतात.

फादरांनी विचारलं, याला इतका वेळ घालवायचा का, धर्मशिक्षणाच्या वर्गाची तयारी मागं पडते. मी म्हटलं, फादर, सात शुक्रवारांत मी सत्तावीस जणांशी एकेकट्यानं बोलले. एवढं वर्षभरात कधी बोलले नव्हते. कुणाचं गुडघ्याचं, कुणाचं मुलाच्या नोकरीचं, एकीचं तर असं काही कळलं की इथं लिहिता येणार नाही. सुरुवात मात्र प्रत्येकाशी ‘खालचा सा लावा’ इथूनच झाली.

काका पुनरुत्थानाच्या जागरणाच्या मिस्साला आले. युफोनियमही आणलं होतं, पण दुसरा व्हॉल्व्ह अडकतोय म्हणून वाजवलं नाही, गायले फक्त. त्यासाठीचं तेल आमच्या गावात मिळत नाही, बेळगावला जाणारं कुणी असेल तर मला कळवा. गायनवृंदाचा सराव आता दर शनिवारी संध्याकाळी, जपमाळेनंतर. ज्यांचा स्वर अजून मोजायचा राहिला आहे त्यांनी अर्धा तास आधी यावं. गळा बसलेला असेल तरी या, बसलेला गळाही लिहून ठेवू.